लाइट उडाले पण फोटो काळा: कानबाईच्या रात्रीचा एक ग्रुप फोटो

नागपंचमी झाली की पुढचा रविवार कानबाईचा, म्हणजे घरात बसवतात त्या आमच्या देवीचा, हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. सुरत, पुणे, नाशिक, जिथं म्हणून भाऊबंद पोटापाण्याला गेलेले असतात तिथून सगळे त्या दिवशी गावाकडं येतात, रात्रभर जागरण, गाणी, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. एरवी लग्नातसुद्धा जी माणसं एका जागी सापडत नाहीत ती त्या रात्री एका घरात असतात, त्यामुळे फोटोग्राफरला बोलावणं येतं ते मुख्य एकाच फोटोसाठी, सगळ्या भाऊबंदकीचा ग्रुप. माझा अमळनेरला छोटा स्टुडिओ आहे आणि हे सगळं तालुक्यातल्याच एका गावात झालं. घरच्यांची नावं लिहीत नाही, त्यांची गरज पण नाही.

माणसं सत्तेचाळीस. सगळ्यात पुढं खाटेवर मोठी माय, नव्वदीच्या पुढची, तिच्या बाजूला दोन म्हाताऱ्या जावा, मागं बाकड्यावर काकू-मावश्या, त्यांच्या मागं उभे पुरुष, आणि एकदम मागं ओट्यावर पोरं. अशा चार रांगा. दिवसभर भुरभुर पाऊस होता म्हणून अंगणात ताडपत्री बांधलेली, तिच्याखाली पिवळे बल्ब आणि एक रंगीत एलईडीची माळ. एवढ्या उजेडात सत्तेचाळीस चेहरे स्वच्छ यायचे नाहीत म्हणून मी स्टुडिओतले दोन ४०० वॉट-सेकंदचे लाइट अंब्रेलासकट, म्हणजे उजेड पसरवणाऱ्या छत्र्यांसकट, घेऊन गेलो होतो, एक डावीकडं एक उजवीकडं, उंच स्टँडवर, माणसांपासून साधारण साडेपाच मीटर. सोबत माझा भाचा.

आता गडबड अशी झाली की रेडिओ ट्रिगरचा, म्हणजे कॅमेऱ्यावरून बिनवायरीनं लाइट उडवायच्या यंत्राचा, ट्रान्समीटर आला आणि रिसीव्हर दोन्ही स्टुडिओतच टेबलावर राहिले. बॅग मी भरली होती. गाव पंचवीस किलोमीटर, रात्रीचे नऊ वाजलेले, मोठी माय खाटेवर येऊन बसलेली. परत जाण्याचा प्रश्न नव्हता. पण या लाइटांना मागच्या बाजूला सेल असतो, म्हणजे ऑप्टिकल स्लेव्ह, दुसरा कुठला फ्लॅश उडाला, म्हणजे चमकला, की तो बघून हे पण उडतात. मग म्हटलं कॅमेऱ्यावर फ्लॅश लावतो, तो उडेल, त्याला बघून दोघं उडतील, झालं काम. हे मी दहा वर्षांपूर्वी कितीतरी वेळा केलेलं आहे. फरक एवढाच की तेव्हा माझ्याकडचा फ्लॅश साधा मॅन्युअल होता आणि आताचा टीटीएल आहे, म्हणजे किती जोरात उडायचं ते भिंगातून आलेला उजेड मोजून ठरतं असा, आणि हा फरक त्या क्षणी माझ्या डोक्यात आला नाही.

आधी नुसत्या फ्लॅशनं एक टेस्ट मारली, लाइट बंद ठेवून. फोटो आला. सपाट, मागच्या दोन रांगा अंधारात, पण चेहरे दिसत होते. मग दोन्ही लाइटांचा सेल चालू केला आणि मारला. दोन्ही अंब्रेला लख्ख उजळल्या, पोरं ओरडली, मोठी माय म्हणाली "मन्हा डोया दिपी ग्यात रे भाऊ", आणि मी स्क्रीनवर बघतो तर जवळजवळ काळा फोटो. नुसत्या फ्लॅशचा होता त्याच्यापेक्षाही काळा! दोन मोठे लाइट वाढवले आणि उजेड कमी झाला, हे डोक्यात बसेना.

भाचा म्हणाला मामा शटर जास्त असेल, सिंक होत नसेल. शंका चुकीची नव्हती. फोकल प्लेन शटरचे दोन पडदे असतात, एक उघडतो आणि दुसरा मागून बंद करत येतो, आणि एका ठरावीक स्पीडपर्यंतच असा क्षण असतो की ज्यात अख्खा सेन्सर एकदम उघडा आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत ती मर्यादा १/२०० किंवा १/२५० च्या आसपास असते. त्याच्या वर गेलं की दुसरा पडदा आधीच निघालेला असतो आणि फोटोत काळा पट्टा येतो. पण लक्षात घ्या, पट्टा येतो, म्हणजे फ्रेमचा एक भाग काळा आणि एक भाग नीट. माझा फोटो सगळा एकसारखा काळा होता आणि शटर १/१२५ वर होतं. म्हणजे शटर नाही. मग वायर बघितली, लाइटची पॉवर बघितली, अर्ध्यावर होती, बरोबर होती. परत मारला. परत उजेड, परत काळा फोटो.

तिसऱ्यांदा मारताना एक गोष्ट खटकली. मी डोळा व्ह्यूफाइंडरला लावून मारत होतो आणि मला व्ह्यूफाइंडरमधून मोठ्या मायचा चेहरा उजळलेला स्वच्छ दिसला, नाकातली नथ चमकलेली दिसली. आणि मला माझ्या उस्तादांची आठवण झाली. रीळचा जमाना होता, मी त्यांच्याकडे लाइट धरायला होतो, ते सांगायचे की बाबा एसएलआरमध्ये फोटो निघतो तेव्हा आरसा वर गेलेला असतो, डोळ्यापुढं अंधार होतो, म्हणून फ्लॅश जर तुला आतून दिसला तर तो फोटोत नाही असं समज. माझा कॅमेरा आजही आरशाचाच, डीएसएलआर. मला उजेड आतून दिसत होता. म्हणजे लाइट उडत होते, पण आरसा खाली असताना. शटर उघडायच्या आधी.

मग सगळं उलगडलं. टीटीएल फ्लॅश एकदा उडत नाही, दोनदा उडतो. बटण दाबलं की आधी एक बारीक झटका देतो, तो प्रीफ्लॅश. कॅमेरा तो समोरून किती परत आला ते मोजतो, त्यावरून खरा फ्लॅश किती जोरात मारायचा ते ठरवतो, मग आरसा वर, शटर उघडं, आणि खरा फ्लॅश. दोघांमधलं अंतर इतकं कमी की आपल्या डोळ्याला एकच वाटतं. पण सेलला ते वेगळं कळतं. त्यानं पहिला झटका बघितला की लाइट उडाला, संपला, आता परत चार्ज व्हायला त्याला सेकंद-दीड सेकंद पाहिजे. शटर उघडलं तेव्हा दोन्ही लाइट रिकामे.

आणि फोटो नुसत्या फ्लॅशपेक्षाही काळा का, तर तेच याचं खरं इंगित आहे. कॅमेरा जेव्हा प्रीफ्लॅशचा उजेड मोजत होता नेमका तेव्हाच दोन मोठे लाइट उडाले, त्यामुळे त्याला वाटलं की अरे समोर तर केवढा उजेड परत येतोय, मग खरा फ्लॅश अगदी थोडासाच मारू. लाइट गेले ते गेलेच, जाताना फ्लॅशलाही कमी करून गेले. कॅमेरा बरोबर होता, फ्लॅश बरोबर होता, लाइट पण बरोबर होते, तिघांनी आपापलं काम नीट केलं आणि फोटो काळा आला. म्हणून हा दोष शोधायला त्रास होतो, कारण बिघडलेलं काहीच नसतं.

उपाय एका बटणाचा. फ्लॅश टीटीएलवरून एम वर, म्हणजे मॅन्युअल. मॅन्युअलमध्ये प्रीफ्लॅश नसतो, एकच झटका, तोही शटर उघडं असतानाच. नवीन लाइटांमध्ये आणि फ्लॅशमध्ये एस १, एस २ असे दोन मोड मिळतात, एस १ पहिल्याच झटक्याला उडतो आणि एस २ पहिला झटका सोडून दुसऱ्याला उडतो, म्हणजे टीटीएलसोबत एस २ चालतो. माझ्या लाइटांना नुसतं चालू-बंद आहे, ते जुने. पण एस २ असला तरी माझं मत मॅन्युअलकडंच आहे, कारण रेडआयसाठी दोन-तीन झटके देणारा मोड चुकून चालू राहिला तर एस २ पण फसतो, आणि टीटीएल दर फोटोला पॉवर बदलत राहतो. पांढरी टोपी पुढं आली की कमी, काळा शर्ट आला की जास्त. ग्रुपच्या दहा फ्रेममधून चेहरे बदलून जोडायचे असतात तेव्हा सगळ्या फ्रेम एकसारख्याच पाहिजेत.

आता पॉवर किती. बरेच जण इथं चुकतात, आमच्याकडच्या पोरांना पण मी हे वारंवार सांगतो. फ्लॅश फक्त सेलला उठवायला लावला आहे म्हणून तो कितीही चालेल असं नाही, तो पण फोटोत येतोच. माझा फ्लॅश पुढच्या रांगेपासून चार मीटर, मागची पोरं साडेसहा मीटर. उजेड अंतराच्या वर्गानं कमी होतो, अंतर दुप्पट तर उजेड पाव. म्हणजे फ्लॅश जोरात ठेवला तर मोठी माय पांढरीफटक आणि ओट्यावरची पोरं तिच्यापेक्षा जवळजवळ दीड स्टॉप काळी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), शिवाय भिंतीवर प्रत्येकाच्या कानामागं काळी सावली, आणि नानांच्या चष्म्यात पांढरा ठिपका. लाइट उंच आणि लांब आहेत म्हणून त्यांचा उजेड चारही रांगांवर बराचसा सारखा पडतो. त्यामुळे मुख्य काम लाइटांचंच.

पण फ्लॅश अगदी काढून टाकावा असंही नाही, आणि हे मला त्या रात्रीच जास्त पटलं. बायांच्या डोक्यावर पदर, तो कपाळाच्या पुढं आलेला, पुरुषांच्या टोप्या, आणि लाइट दोन्ही बाजूंनी उंचावर. पदराच्या आत डोळ्यांची खोबण अंधारात जाते. दोन मोठे लाइट असून मोठ्या मायचे डोळेच दिसत नव्हते, नुसते दोन खड्डे. तिथं समोरून, भिंगाच्या अगदी जवळून येणारा बारीक उजेड पाहिजे, कारण तो जिथून कॅमेरा बघतो तिथूनच येतो, त्याची सावली कॅमेऱ्याला जवळपास दिसत नाही, आणि डोळ्यात एक छोटा ठिपका पडतो ज्यानं माणूस जिवंत वाटतो.

हिशोब असा केला. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड पकडायची ताकद, ४००, आणि अॅपर्चर, म्हणजे भिंगाचं तोंड, एफ ८. माझ्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे ताकदीचा आकडा, ज्याला अंतरानं भागलं की एफ मिळतो, ३५ मिमी झूमला आयएसओ १०० वर साधारण ३६, आयएसओ ४०० ला तो दुप्पट होतो, ७२. पॉवर १/१६ केली की गाइड नंबर चौथा हिस्सा, १८. भागिले चार मीटर, एफ ४.५. म्हणजे कॅमेरा एफ ८ वर असताना हा फ्लॅश पुढच्या रांगेवर पावणेदोन स्टॉपच्या जवळपास कमी पडतो, मागच्या रांगेवर तीन स्टॉप कमी. हेच पाहिजे होतं. १/८ वर पण मारून बघितला, पाऊण स्टॉपचाच फरक उरला, चेहरे सपाट दिसायला लागले, अंब्रेलाचा गोलावाच गेला. १/३२ ला पदराच्या आत काही पोचेना. १/१६ कायम केलं. बॅटरीवर पण ताण नाही, फ्लॅश लगेच तयार.

तरी पहिल्या फ्रेमला उजवा लाइट उडालाच नाही. त्याचा सेल भिंतीकडं तोंड करून होता आणि मध्ये अंब्रेलाचा दांडा, फ्लॅश त्याला दिसतच नव्हता. भाच्यानं लाइट थोडा पुढं घेतला आणि सेलची बाजू कॅमेऱ्याकडं केली, लगेच उडाला. बंद जागेत सेल भिंतीवरून परतलेल्या उजेडावर पण चालतो, उघड्या अंगणात त्याला समोरून दिसलं तर बरं. भर दुपारच्या उन्हात तर मी सेलवर अजिबात भरवसा ठेवत नाही.

आता सगळं जमलं म्हणून मारायला लागलो, तर दर तीन-चार फ्रेमला एक डाव्या बाजूनं अंधारी. कधी दोन्ही बाजूंनी. आणि मधूनच, मी बटणाला हातसुद्धा लावला नाही तेव्हा, लाइट आपोआप उडायचे. भाचा घाबरला, करंट उतरतोय का म्हणून स्टँडला हात लावेना. मी मागं वळून बघितलं तर घरचाच एक पोरगा, पुण्याहून आलेला, माझ्या खांद्यामागून स्वतःच्या कॅमेऱ्यानं तोच ग्रुप काढतोय, वरचा छोटा फ्लॅश उघडून. त्याचा फ्लॅश उडाला की माझे लाइट उडणार, सेलला काय माहीत कोण कुणाचा. आणि मग मी दाबेन तेव्हा ते चार्ज होत असणार. डावा लाइट जास्त जुना आहे, तो सावकाश भरतो, म्हणून डावी बाजू जास्त वेळा गेली. वर गावातलं व्होल्टेज रात्री उतरलेलं, लाइटांमधले कायम जळणारे मॉडेलिंग लॅम्पच पिवळे दिसत होते, स्टुडिओत सव्वा सेकंदात भरणारा लाइट इथं तीन सेकंद घेत होता. तयार झाला की पीप वाजतो पण आत बाया गाणी म्हणत होत्या, पीप कोण ऐकतो. मग तांबड्या दिव्याकडं बघायला भाच्याला बसवलं, तो हात वर करायचा, मग मी दाबायचो.

त्या पोराला मी रागावलो नाही. त्याला बाजूला घेऊन सांगितलं की भाऊ तुझ्या फ्लॅशनं माझे लाइट रिकामे होतात, आणि तुझ्याही फोटोत ते येत नाहीत कारण तुझा पण प्रीफ्लॅशच त्यांना उडवतोय, तू स्वतः बघ. त्यानं बघितलं, खरंच काळपट. फ्लॅश बंद केला आणि माझ्यानंतर त्याला माझ्याच जागेवर उभं करून, माझा फ्लॅश त्याच्या कॅमेऱ्यावर लावून दोन फ्रेम काढू दिल्या. हॉट शू, म्हणजे कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायची खाच, तिचा मधला पॉइंट आणि मॅन्युअल मोड, एवढं असलं की कंपनी कुठली का असेना फ्लॅश उडतो. एक सांगून ठेवतो, रीळच्या काळातला जुना फ्लॅश कुणाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर असा चढवू नका, त्यातल्या काहींचा ट्रिगर व्होल्टेज दोनशेच्या वर असतो आणि कॅमेऱ्याचं सर्किट जाऊ शकतं. मोबाइलवाले वीसेक जण होते, त्यांच्या एलईडीनं माझे लाइट एकदाही उडाले नाहीत.

ग्रुप झाला तेव्हा साडेदहा. मोठी माय तोपर्यंत बसून होती. "व्हयना का रे भाऊ फोटू?" तिनं विचारलं, मी स्क्रीन तिच्यापुढं धरली, तिनं बोटानं एकेक चेहरा मोजायला सुरुवात केली. सुरतवाला धाकटा मुलगा सापडल्यावर थांबली.

मग आत कानबाईचा फोटो. चौरंगावर कानबाई, नारळाला नथ, गळ्यात मणी-मंगळसूत्र, पुढं रोटांचा नैवेद्य आणि समया. इथं मी लाइट एकच आत घेतला, डावीकडून, पॉवर कमीत कमी, आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश १/६४ करून तोंड मागच्या कोपऱ्याकडं फिरवला. समोरून सरळ मारला असता तर सेल उठला असता, पण नथीच्या मोत्यांवर आणि पितळी ताटावर पांढरे डाग पडले असते आणि समईची ज्योत नुसती कागदी दिसली असती. बाजूनं येणाऱ्या उजेडानं प्रत्येक मोत्याला एक उजळ कड आणि एक सावलीची कड मिळाली. आणि शटर १/१२५ वरून १/१५ वर आणलं, कॅमेरा तिपाईवर. फ्लॅशचा झटका इतका लहान असतो की शटर सावकाश केल्यानं तो वाढत नाही, तो अॅपर्चर आणि आयएसओवर चालतो, शटरनं वाढतो तो फक्त खोलीतला उजेड, म्हणजे समईचा. तीन फ्रेममध्ये ज्योतीचा पिवळा रंग मागच्या भिंतीवर उतरला.

चाळीसगावचे केकी मूस यांचं इथं नाव घ्यावंसं वाटतं. १९१२ ते १९८९ असा त्यांचा काळ, साध्या टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी अख्खे देखावे उभे केले, त्यांच्या घराचं आता संग्रहालय आहे. उजेड कुठून येतो ह्याचा विचार माणसानं किती करावा ते तिथं जाऊन बघण्यासारखं आहे. आमच्याच जिल्ह्यात आहे आणि आमच्यातलेच कितीतरी फोटोग्राफर अजून गेलेले नाहीत.

मंगळवारी स्टुडिओत भाच्याला समोर बसवून सगळं परत करून बघितलं, यावेळी फ्लॅशमीटर, म्हणजे फ्लॅशचा उजेड मोजायचं यंत्र, घेऊन. टीटीएलवर लाइट उडताना दिसतात, मीटरही त्यांचा आकडा दाखवतो, फक्त फोटोत ते नसतात. म्हणजे मीटर सुद्धा आपल्यासारखाच फसतो, त्याला काय माहीत शटर कधी उघडलं. अजून एक गोष्ट कळली. कॅमेऱ्यावर फ्लॅश एक्स्पोजर लॉकचं बटण असतं, ते दाबलं की प्रीफ्लॅश तेव्हाच उडून जातो, मग लाइट भरेपर्यंत दोन सेकंद थांबून शटर दाबलं तर टीटीएलवर पण लाइट फोटोत येतात. पण फ्लॅशची पॉवर त्या चुकीच्या मोजमापावरच ठरलेली असते, त्यामुळे तो फार कमी उडतो, पदरातले डोळे परत अंधारात. अडीअडचणीला ठीक, रोजचं काम नाही. रिसीव्हर आता लाइटच्या पिशवीतच ठेवतो, ट्रान्समीटरसोबत नाही, आणि पिशवीत एक जुना साधा फ्लॅश पण पडून असतो ज्याला टीटीएल माहीतच नाही.

सोमवारी सकाळी विसर्जनाला मी थांबलो होतो. कानबाई डोक्यावर घेऊन बाया नदीकडं निघाल्या, आभाळ भरलेलं, फुगड्या चाललेल्या, कुणी जवळ कुणी लांब, अंतर क्षणाक्षणाला बदलणारं. लाइट रात्रीच गाडीत भरलेले. तिथं मी फ्लॅश परत टीटीएलवर टाकला, एक स्टॉप कमी करून, आणि त्याचं काम त्यानं पहिल्या फ्रेमपासून बरोबर केलं.